झाडाच्या पोटात गाडी

गाडी झाडात अडकली होती.

झाडावर आदळली नव्हती, झाडाखाली सापडली नव्हती. सरळ झाडाच्या पोटात शिरून अडकली होती. त्या जंगलातली झाडं इतकी अवाढव्य, की त्यातल्या एकाच्या बुंध्यातून कुणीतरी फार पूर्वी आरपार बोगदा कोरून रस्ता नेला होता, आणि झाडाने ते फारसं मनावर न घेता वाढणं चालूच ठेवलं होतं. लोक लांबलांबून गाड्या घेऊन येत, बाजूचे आरसे दुमडत, श्वास रोखून बोगद्यातून पलीकडे जात आणि पुढे कैक वर्षं घरी येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगत बसत. आत्यालाही तेच करायचं होतं. साठी उलटल्यावर ती गाडी शिकली. परवाना हातात पडला त्याच संध्याकाळी तिने पहिला लांबचा प्रवास कुठे करायचा ते जाहीर केलं, आणि भाचीला शेजारच्या सीटवर बसवून निघाली.

भाची साधीसुधी नव्हती. ती ड्रायव्हिंग स्कूल चालवायची आणि अख्खं गाव तिला ‘मॅडम’ म्हणायचं. स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक वेगळा ब्रेक असतो. इतकी वर्षं तो दाबून दाबून मॅडमच्या पायाला अशी सवय लागली होती, की बसमध्ये, मैत्रिणीच्या गाडीत, कुठेही बसली तरी जरा काही झालं की तिचा पाय खाली दाबला जायचा. आताही तेच झालं. आत्या गाडी नाकासमोर नेत होती, पण बोगद्याच्या मध्यावर मॅडमला वाटलं, गाडी आपल्या बाजूला झुकतेय. पाय दाबला गेला. तिथे ब्रेक नव्हता, नुसती चटई होती. मग हात पुढे गेला, त्याने स्टिअरिंग धरलं आणि ओढलं. करकर आवाज झाला. गाडी बोगद्यात तिरकी होऊन घट्ट बसली.

आत्याने हँडब्रेक ओढला.

“मी सरळ चालले होते,” आत्या म्हणाली.

“हो.”

“अगदी सरळ.”

“हो, आत्या.”

“नाही, नुसतं सांगतेय. पुढे कधी विषय निघाला तर.”

विषय जन्मभर निघणार होता, हे मॅडमला दिसत होतं. तिने दार उघडून पाहिलं. बोटभर उघडलं आणि तांबूस लाकडाला टेकलं. आत्याच्या बाजूलाही तीच गत. आणि एवढ्यात मागे दुसरी गाडी येऊन थांबली. आता हा भला माणूस हॉर्न वाजवून कान किटवणार, म्हणून मॅडमने डोळे मिटून घेतले. पण हॉर्न वाजला नाही. मागच्या काचेवर बोटाने हळूच टकटक झाली.

गाडीची शेपूट अजून झाडाबाहेर होती. आत्याने खटका ओढून डिकी उघडली. बॅगांच्या आणि आत्याच्या उशीच्या वर एक चेहरा आला... पस्तिशीचा, केस वाऱ्याने विसकटलेले, आणि डोळ्यांत हसू दाबून धरलेलं.

“घाबरू नका,” तो अगदी मऊ, संथ आवाजात म्हणाला. “दीर्घ श्वास घ्या. सगळं व्यवस्थित होणार आहे.”

मॅडमला तो आवाज ओळखीचा वाटला. माणूस नाही, आवाज. चौकात गाडी बंद पडून हातपाय गाळलेल्या शिकाऊ माणसाशी ती स्वतः याच आवाजात बोलायची. हा आवाज आपल्यावर वापरला गेला की किती राग येतो, हे तिला आज पहिल्यांदा कळलं.

“आम्ही घाबरलेलो नाही,” ती म्हणाली.

“छान. मग आता गाडी अगदी हळू मागे घ्यायची. थोडंसं दडपण जाणवेल... पण दुखणार नाही.”

आत्या गर्रकन वळली. “तुम्ही दातांचे डॉक्टर आहात का हो?”

तो गोंधळला. “कसं ओळखलंत?”

“माझी नवी कवळी बसवताना आमचा डॉक्टर हेच म्हणाला होता. आणि दुखलं होतं.”

तेव्हा मात्र त्याचं दाबलेलं हसू सुटलं, आणि मॅडमच्या मनात नसताना तिलाही हसू आलं. डॉक्टर चांगला दिसतो, हेही त्याच वेळी ध्यानात आलं. झाडात अडकलेल्या बाईने असल्या गोष्टींकडे लक्ष द्यायचं नसतं, असं स्वतःला बजावून ती म्हणाली, “आत्या, तू मागे सरक. मी काढते गाडी.”

“का? मी चालवत होते, मीच काढणार.”

“आत्या—”

“मॅडम,” डॉक्टर म्हणाला. हे नाव त्याला कुणी सांगितलं नव्हतं, त्याने आपलं सहज म्हटलं. “गाडी ज्या वाटेने आत गेली, त्याच वाटेने बाहेर येईल. यांना ती वाट माहीत आहे. मी मागून हाताने दाखवतो. तुम्ही फक्त एक करा.”

“काय?”

“हात मांडीवर ठेवा.”

ते दहापाच हातांचं अंतर मॅडमच्या आयुष्यातलं सर्वांत लांब अंतर होतं. तिने बोटांत बोटं घट्ट अडकवून घेतली. पाय चटईत रुतला. मागे डॉक्टर दोन्ही हातांनी हवेत खुणा करत होता, थांबवत होता, पुन्हा बोलवत होता. आत्या जिभेचं टोक दातांत धरून क्लच सोडत होती. पुन्हा एकदा करकर झाली, खट्कन काहीतरी सुटलं, आणि गाडी बाहेर आली. झाडाला काही झालं नव्हतं. जंगलखात्याच्या रखवालदाराने येऊन आधी झाडावरून हात फिरवला, मग या तिघांकडे पाहिलं. गाडीचा बंपर मात्र एका बाजूने सुटून चाकावर घासत होता. खालच्या गावातून मेकॅनिक येईल, पण दुपार कलल्यावर, असं रखवालदार म्हणाला.

“तुम्हाला उशीर झाला आमच्यामुळे,” मॅडम डॉक्टरला म्हणाली. “आता बोगदा मोकळा आहे. तुम्ही निघा.”

“मी संध्याकाळपर्यंत पोचलो तरी चालेल,” तो म्हणाला. “घाटाच्या वर एका गावात. आणि ही झाडं बघितल्याशिवाय पुढे गेलो, तर मूर्खच म्हणायचं मला.”

आत्याने दोघांकडे एकेक नजर टाकली आणि तिचे गुडघे लगेच दुखू लागले. सकाळी वाटेत हीच बाई मॅडमच्या आधी एक टेकडी चढून गेली होती. आता तिला तिकीटखिडकीजवळच्या कँटीनमध्ये कॉफी पीत बसायचं होतं, आणि भाचीने झाडं बघून यायची होती, आणि डॉक्टरही जातच होते तर...

“आत्या, तू फार वाईट आहेस,” मॅडम तिच्या कानाशी म्हणाली.

“जा गं. झाडं कुठे पळून जाणार आहेत? माणसं जातात.”

जंगलात शिरल्यावर दोघांचंही बोलणं आपोआप खाली आलं. बुंधे म्हणजे बुंधे नव्हतेच, तांबड्या भिंती होत्या, वर वर जात शेवटी धुक्यात गेलेल्या. सालीवर हात ठेवला तर ती थंड लागत नव्हती, मऊ आणि कोमट लागत होती. पायाखाली जुन्या पानांचा असा जाड थर, की आपलीच पावलं ऐकू येईनात. आभाळ कोरडं होतं, पण उंच शेंड्यांत धुकं अडकून त्याचे थेंब खाली ठिबकत होते, आणि झाडाखाली तेवढा आपला वेगळा पाऊस पडत होता. झाडांपासून दूर गेलं की थांबायचा, जवळ आलं की सुरू.

मॅडमने मान वर केली आणि किती तरी वेळ तशीच उभी राहिली. समोर बघ, आरशात बघ, कडेला कोण आहे बघ... रोजचा दिवस याच्यातच जायचा. वर बघायचं काम तिला कधी पडलंच नव्हतं.

“हे झाड उगवलं तेव्हा चाकसुद्धा सगळीकडे पोचलं नसेल,” डॉक्टर म्हणाला. “भीती नाही वाटत तुम्हाला? वाटत असेल. मला तर वाटते. तुम्हाला आवडलं का? आवडलंच असणार. थंडी वाजतेय का? नाही, तुम्ही स्वेटर घातलाय.”

मॅडम थांबली. “डॉक्टर, एक विचारू?”

“विचारा ना.”

“तुम्ही प्रश्न विचारता आणि उत्तरही तुम्हीच देता. माझ्या तोंडात कापूस नाहीये.”

तो चक्क लाजला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “सवय हो,” तो म्हणाला. “दिवसभर माझे हात कुणाच्या तरी तोंडात असतात. मी विचारतो, मुलं कितवीत आहेत, सुटीत कुठे गेला होतात... ती बिचारी काय बोलणार? डोळे मिचकावतात. मग मीच काहीतरी उत्तर धरून पुढे जातो. असंच करत करत... आमच्या घरचे म्हणतात, तुला बायको नको, आरामखुर्चीत झोपलेला पेशंट हवाय.”

“म्हणजे लग्न...?”

“नाही झालं,” तो म्हणाला. “तुमचं? झालं असेल. किंवा—” त्याने ओठ घट्ट मिटले. हात पाठीमागे बांधले आणि तो वाट पाहत उभा राहिला. त्याला ते किती जड जात होतं, हे दिसत होतं. थेंब टपटपत राहिले.

“नाही झालं,” मॅडम म्हणाली.

पुढे एक झाड होतं, कधीकाळच्या वणव्यात आतून जळालेलं आणि तरी वर हिरवंगार. त्याच्या पोकळीत एक खोली मावेल एवढी जागा होती. दोघं आत जाऊन उभी राहिली. काळ्या गुळगुळीत भिंती, बाहेर ठिबकणारा पाऊस, आणि आत इतकी शांतता की एकमेकांचा श्वास ऐकू यावा. असल्या जागी माणूस नको ते बोलून जातो. मॅडमही बोलून गेली. एक जण होता, दोन वर्षं होता. भांडण असं काही झालं नाही. फक्त जाताना तो म्हणाला, तुझ्याबरोबर राहणं म्हणजे रोज परीक्षेला बसणं आहे. प्रत्येक गोष्टीत तुझा हात पुढे येतो.

“आणि त्याचं खरं होतं,” ती हसत म्हणाली, पण तिचं हसू काही तिच्या डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. “आज बघितलंत ना? आत्या सरळ चालली होती. मी तिला झाडात घातलं.”

डॉक्टरने काही विचारलं नाही, काही समजावलंही नाही. बाहीने पोकळीच्या तोंडाशी ठिबकणारा एक थेंब अडवला आणि म्हणाला, “मला परीक्षांची भीती नाही वाटत. मी बऱ्याच दिल्यात. काहींत तर दोनदा बसलोय.”

 गोड होतं ते, आणि त्यामुळेच मॅडमला धास्ती वाटली. एका दुपारची ओळख, आणि हा माणूस निघून जाईल या विचाराने आताच जीव खालीवर व्हायला लागला होता.

परतीच्या वाटेवर त्याने आपली हकीकत सांगितली. घाटावरच्या गावात एक म्हातारे डॉक्टर होते. त्यांना आता काम होत नव्हतं, दवाखाना याच्या हाती सोपवायचा होता. आज संध्याकाळी जाऊन शब्द द्यायचा. एकदा दिला की दिला. मग हा तिथलाच, आणि घाट उतरून खाली यायला फुरसत कुठून मिळणार.

वाटेत एक उन्मळून पडलेलं झाड होतं, आडवं पडूनसुद्धा माणसाच्या दुप्पट उंच. त्याच्या अंगावर कोवळी रोपं उगवली होती. डॉक्टर तिथे थांबला. रोपाच्या पानाशी उगाच चाळा करत म्हणाला, “मी समजा... आज नाही म्हटलं तर? म्हणजे, दात काय, सगळीकडेच दुखतात. तुमच्या गावातही दुखत असतील. मी तिकडे आलो तर तुम्हाला... तुम्हाला आवडेल का?”

आणि तो गप्प बसला. या वेळी उत्तर न देता, खरंच गप्प.

मॅडमच्या ओठावर ‘हो’ होतं. अगदी दारापर्यंत आलं होतं. पण तिला पुढचं सगळं दिसलं — हा येणार, आपण त्याला रोज काही ना काही सुधारत राहणार, आणि एक दिवस हाही बॅग उचलून तेच वाक्य म्हणणार. पानांच्या थरात तिचा पाय आपसूक दाबला गेला.

“रस्ता ओला आहे,” ती म्हणाली. “घाट आहे. अंधाराच्या आत निघा तुम्ही.”

त्याने पानावरचा हात काढला. मग मान हलवली. “बरोबर आहे,” तो म्हणाला. “मी आपलं काहीतरीच विचारलं. एका दुपारच्या ओळखीवर... नाही, बरोबर आहे तुमचं.” पुन्हा सगळी उत्तरं त्याची त्यानेच देऊन टाकली, आणि दोघं कँटीनपर्यंत आली.

मेकॅनिक बंपर बसवून गेला होता. डॉक्टरने आत्याला वाकून नमस्कार केला, मॅडमला ‘येतो’ म्हणाला आणि आपल्या गाडीकडे वळला. आत्याने कप खाली ठेवला.

“काय विचारलं त्याने?”

“काही नाही.”

“तुझ्या तोंडावर लिहिलंय, काय विचारलं ते. तू काय सांगितलंस?”

“रस्ता ओला आहे म्हटलं.”

आत्याने कपाळावर हात मारला नाही, ती ओरडली नाही. नुसती तिच्याकडे बघत राहिली, आणि ते जास्त लागलं. “मी परवान्याच्या परीक्षेत नापास होत होते तेव्हा मला काय सांगायचीस गं? आत्या, चुकलीस तरी चालेल, पण रस्त्याच्या मधोमध थांबून राहू नकोस. थांबलेल्या गाडीलाच ठोकर बसते. मला रडू यायचं, तरी मी गिअर टाकायचे. साठीच्या वर असून टाकायचे.”

“आत्या, तो माझ्यापायी हाती आलेला दवाखाना सोडेल. आणि मी अशी. त्याला झेपेल का?”

“ते त्याला ठरवू दे ना. तिथेपण तुझाच ब्रेक?”

पलीकडे गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

मॅडम धावली. आपल्या वयाची, पेशाची, चिखलाची कसली फिकीर न करता धावली. डॉक्टरची गाडी फाटकाशी वळत होती. तिने काचेवर हात मारला. काच खाली झाली. तो काही म्हणणार, तोच तिने हात वर केला.

“तुम्ही काही बोलू नका. तुम्ही उत्तरं फार पटकन देता आणि सगळी चुकीची देता.” तिला दम लागला होता. “मगाशी विचारलंत ना, आवडेल का? मला आवडेल. फार आवडेल. त्या झाडाच्या पोकळीत उभी होते तेव्हाच मला वाटत होतं, हा पाऊस थांबू नये. मला तुमचा तो दातांच्या डॉक्टरचा आवाजसुद्धा आवडतो, आणि त्याचा रागही येतो. मी शहाणपणा शिकवेन. तुमचा हात धरून स्टिअरिंग ओढेन. ते काही एका दिवसात जाणार नाही. पण तुम्ही निघून गेलात, तर मी इथेच या रस्त्यात उभी राहीन असं मला वाटतंय. आणि आमच्या गावात दातांचा डॉक्टर आहे, पण लोक दुखणं अंगावर काढतात, त्याच्याकडे जात नाहीत. एवढंच.”

तो बोलला नाही. ती थांबली. त्याने गाडी बंद केली, हँडब्रेक ओढला, तरी तो बोलेना. मॅडमला वाटलं, झालं, फार बोललो आपण. 

“संपलं?” त्याने अगदी हळू विचारलं.

“संपलं.”

“मला वाटलं, अजून असेल. मी ऐकत होतो.” तो दार उघडून खाली उतरला. झाडांखालचा तो पाऊस आता दोघांवर ठिबकत होता. त्याने तिचे दोन्ही हात हातात घेतले, चिखलाच्या शिंतोड्यांसकट. “सकाळी डिकीतून तुम्ही माझ्यावर डोळे वटारलेत ना,” तो म्हणाला, “तेव्हापासून मला वर जायचं नाहीये. मी दिवसभर कारणं शोधत होतो.”

मागे आत्या उगाचच बॅगा मोजत होती.

“त्यांना फोन करून चालणार नाही,” डॉक्टर म्हणाला. “म्हातारा माणूस वाट बघत असेल. समोर जाऊन सांगायला हवं.”

“मी येते,” मॅडम म्हणाली. मग आत्याकडे पाहिलं. तोंडात सतरा सूचना आल्या होत्या: घाटात गिअर खाली घे, वळणावर हॉर्न दे, दिवे लाव. तिने त्यातली एकही दिली नाही. “आत्या, तू आमच्या मागून येशील?”

“मागून कशाला?” आत्या किल्ली घेत म्हणाली. “मी पुढे जाते.”

आणि ती गेली. घाट चढताना पुढच्या गाडीचे दिवे एका वळणाआड जात, दुसऱ्या वळणावर पुन्हा दिसत, आणि मॅडम डॉक्टरच्या शेजारी बसून त्याला लहानपणापासूनचं सगळं सांगत होती. मध्येच त्याने तिसऱ्या गिअरवर उगाच गाडी रेटली. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं. त्याने काही न बोलता गिअर बदलला, आणि दोघंही हसत सुटली.

दिवेलागणीला तिघं दवाखान्याच्या पायऱ्यांशी पोचली. म्हाताऱ्या डॉक्टरांनी दार उघडलं. आधी चिखलाने भरलेले बूट पाहिले, मग एकमेकांत अडकलेले हात, आणि मागून उशी घेऊन येणारी आत्या. डॉक्टरने घसा साफ केला, वाक्य जुळवलं, आणि तो तोंड उघडणार एवढ्यात ते म्हणाले, “नाही म्हणायला आलात ना?”

“हो... म्हणजे, मी—”

“मीही इथे एका बाईसाठीच आलो होतो,” म्हातारे डॉक्टर म्हणाले आणि दारातून बाजूला झाले. “या, आत या. बाहेर गारठा आहे.”